ओलापॅरिब: एक रेणू, दोन मंजुऱ्या आणि मागे घेतलेलं एक वाक्य

१६ डिसेंबर २०१४ रोजी युरोपियन कमिशनने ओलापॅरिबला मंजुरी दिली आणि तीनच दिवसांनी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने. कंपनी एकच, ॲस्ट्राझेनेका. कॅप्सूल तीच, ५० मिलिग्रॅमची. आजारही तोच, ब्राका जनुकात बिघाड असलेला अंडाशयाचा कॅन्सर. पण दोन्ही मंजुऱ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले तर ते वेगवेगळ्या औषधांचे वाटावेत. युरोपचं म्हणणं, परतलेला आजार केमोने पुन्हा आटोक्यात आला की तो वाढू नये म्हणून हे द्या. अमेरिकेचं म्हणणं, तीन किंवा जास्त वेळा केमो होऊनही आजार उरला असेल तर गाठ कमी करण्यासाठी द्या.

ज्या चाचणीवर युरोपची मंजुरी उभी होती, ती चाचणी अमेरिकेच्या सल्लागार समितीने सहाच महिने आधी ११ विरुद्ध २ मतांनी अपुरी ठरवली होती. आणि अमेरिकेने ज्या वापरासाठी होकार दिला, तो वापर २०२२ मध्ये कंपनीला लेबलवरून काढून टाकावा लागला.

‘औषधाला मंजुरी’ अशी बातमी आपण वाचतो. पण फाइलवर सही होते ती एका वाक्याखाली: कोणत्या रुग्णाला, उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर, कशाच्या पुराव्यावर. ओलापॅरिबच्या बाबतीत रेणू कायम राहिला आणि हे वाक्य बदलत गेलं. म्हणून नियामक कामकाज समजून घ्यायला मला हे प्रकरण कोणत्याही यशोगाथेपेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

दुरुस्तीचे दोन रस्ते

आधी औषध काय करतं ते पाहू. पार्प हे आपल्या प्रत्येक पेशीतलं एक एन्झाइम आहे. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला की पार्प तिथे जाऊन चिकटतं, एनएडी हा रेणू वापरून छोट्या साखळ्या तयार करतं आणि त्या साखळ्यांच्या खुणेवर दुरुस्तीची बाकीची प्रथिनं गोळा होतात. ओलापॅरिब एनएडीची जागा अडवून बसतं. साखळ्या तयार होत नाहीत आणि पार्पची तुटलेल्या जागेवरून सुटकाही होत नाही, ते डीएनएवरच अडकून पडतं. पेशी विभागायच्या वेळी डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा या अडथळ्यावर येऊन आदळते आणि एका धाग्याची तूट दोन्ही धाग्यांची होते.

दोन्ही धागे तुटले की बिनचूक दुरुस्तीचं काम ब्राका-१ आणि ब्राका-२ या जनुकांच्या प्रथिनांवर येतं. एखाद्या बाईला यातल्या एका जनुकाची बिघडलेली प्रत आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असली, तरी तिच्या इतर पेशींत दुसरी प्रत शाबूत असते. ट्यूमरच्या पेशींत मात्र तीही गेलेली असते. पुण्याहून मुंबईला जाणारा एक्सप्रेसवे बंद झाला तर लोक जुन्या घाटाने जातात. जुना घाट आधीच दरडीखाली गेलेला असेल, तर एक्सप्रेसवे बंद करणं म्हणजे वाहतूकच संपवणं. ट्यूमरच्या पेशीत जुना घाट आधीच बंद असतो, औषध एक्सप्रेसवे बंद करतं. निरोगी पेशीला दुसरी वाट मोकळी असल्यामुळे ती तगते. याला ‘सिंथेटिक लीथॅलिटी’ म्हणतात आणि हे नाव १९४०च्या दशकात फळमाशांवर काम करणाऱ्या जनुकशास्त्रज्ञांकडून आलेलं आहे. फळमाशांच्या त्या कल्पनेतून गोळी व्हायला साठ-सत्तर वर्षं लागली.

ओलापॅरिबचा जन्म केंब्रिजचा. तिथले स्टीव्ह जॅक्सन हे डीएनए-दुरुस्तीवर काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांनी १९९७ मध्ये कुडोस नावाची छोटी कंपनी काढली. रसायनाची बाजू कॉर्नवॉलमधल्या मेब्रिज या कंपनीच्या केमिस्टांनी सांभाळली. त्या वेळी पार्प अडवण्याकडे केमो आणि रेडिएशनचा मारा वाढवणारं जोडीचं औषध म्हणूनच बघितलं जात होतं, एकट्याने कॅन्सरची पेशी मारणारं म्हणून नव्हे. एप्रिल २००५ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या ॲलन ॲशवर्थ यांच्या गटाचा, कुडोसच्या सहकार्याने केलेला. दुसरा शेफील्डच्या थॉमस हेलेडे यांच्या गटाचा, न्यूकॅसलच्या सहकाऱ्यांबरोबर केलेला. दोघांनीही दाखवलं की ब्राका नसलेल्या पेशी नुसत्या पार्प-इनहिबिटरनेच, म्हणजे पार्प अडवणाऱ्या औषधानेच मरतात, सोबत केमो लागत नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पहिल्या रुग्णांना कॅप्सूल देणं सुरू झालं आणि वर्ष सरता सरता ॲस्ट्राझेनेकाने कुडोस विकत घेण्याचा सौदा केला.

पहिली चाचणी ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये झाली आणि २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आली. ६० रुग्ण. डोस दिवसाला १० मिलिग्रॅमपासून चढवत नेला तो ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा इथपर्यंत, आणि पुढच्या कामासाठी ४०० मिलिग्रॅम दोनदा हा नक्की झाला. गाठ आकसली ती फक्त ब्राका बिघडलेल्यांचीच. इतर रुग्णांत तसा परिणाम दिसला नाही. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत सहसा डोस आणि दुष्परिणाम एवढंच हाती लागतं. इथे औषध कोणासाठी आहे हेही हाती लागलं होतं.

आणि नंतरच्या चाचणीत नेमकं तेच बाजूला पडलं.

स्टडी १९

दुसऱ्या टप्प्यातल्या या चाचणीचं साधं नाव ‘स्टडी १९’. प्रमुख संशोधक लंडनचे जोनाथन लेडरमन. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये प्लॅटिनमवाली केमो बहुतेकींना लागू पडते आणि तरीही आजार बहुतेकींचा परततो. परतल्यावर पुन्हा प्लॅटिनम, पुन्हा मध्ये एक मोकळा काळ, पुन्हा आजार. प्रत्येक वेळी तो मोकळा काळ आखूड होत जातो. स्टडी १९ ने त्या मोकळ्या काळात हात घातला. केमो लागू पडलेल्या २६५ बायकांना ओलापॅरिब किंवा प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) देऊन आजार परतेपर्यंत किती वेळ मिळतो ते पाहिलं.

पण सहभागासाठी ब्राकाची अट ठेवली नाही. या जातीच्या ट्यूमरमध्ये ब्राका शाबूत असतानाही दुरुस्तीत दोष असतोच, त्यामुळे फायदा सगळ्यांना होईल, असा हिशेब होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. पण त्यापायी चिठ्ठ्या टाकून गट पाडताना ब्राकाचा विचार झाला नाही, आणि ही उणीव पुढे तीन वर्षं कंपनीच्या मानगुटीवर बसली.

निकाल आला. आजार न वाढता गेलेला काळ ओलापॅरिबवर ८.४ महिने, प्लासिबोवर ४.८ महिने. फरक खरा होता. पण ‘जगल्या किती’ या प्रश्नावर मधल्या विश्लेषणात दोन्ही गट सारखेच दिसत होते. डिसेंबर २०११ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने जाहीर केलं की ओलापॅरिब तिसऱ्या टप्प्यात जाणार नाही. कारणं दोन दिली: आयुष्य वाढण्याची शक्यता दिसत नाही, आणि तिसऱ्या टप्प्यासाठी योग्य गोळीचा डोस सापडत नाही. हिशेबात २८.५ कोटी डॉलर बुडीत म्हणून दाखवले.

दुसरं कारण किरकोळ वाटेल, पण ४०० मिलिग्रॅम म्हणजे ५० च्या आठ कॅप्सूल, सकाळी आठ आणि रात्री आठ. दिवसाला सोळा. केमोतून नुकती बाहेर पडलेली, तोंडाची चव गेलेली, मळमळणारी बाई महिनोन्‌महिने हे कसं घेणार? गोळी हवीच होती. आणि गोळी करताना औषध शरीरात वेगळ्या प्रमाणात शोषलं जाऊ लागलं, त्यामुळे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा साधा बदल करता येईना. कारखान्यातली ही अडचण चाचणीच्या निकालाइतकीच जड ठरली.

वातावरणही वाईट होतं. सनोफीचं इनिपॅरिब हे ‘पार्प-इनहिबिटर’ म्हणून गाजलेलं औषध जानेवारी २०११ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवरच्या तिसऱ्या टप्प्यात आपटलं होतं. ते खऱ्या अर्थाने पार्पला अडवतच नाही, हे पुढे प्रयोगशाळेत सिद्ध झालं. तोवर अख्ख्या वर्गाचं नाव खराब झालं होतं. त्याच वर्षी फायझरने आपलं रुकापॅरिब क्लोव्हिस या लहान कंपनीला देऊन टाकलं, पुढच्या वर्षी मर्कने निरापॅरिब टेसारोला दिलं. चुकीच्या पाटीच्या औषधाने खऱ्यांना बाजारातून जवळजवळ उठवलं.

मग स्टडी १९ ची कपाटं पुन्हा उघडली गेली. रुग्णांच्या जुन्या नोंदी, साठवलेलं रक्त, साठवलेल्या गाठींचे तुकडे यांवरून २६५ पैकी २५४ जणींची ब्राकाची स्थिती कळली. १३६ जणींत बिघाड होता. त्यांच्यापुरतं पाहिलं तर आजार न वाढता गेलेला काळ ११.२ महिने विरुद्ध ४.३ महिने. आजार वाढण्याचा धोका ८२ टक्क्यांनी कमी. कॅन्सरच्या औषधांत असे आकडे रोज दिसत नाहीत.

सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने ‘सोलो’ नावाने तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या सुरू केल्या. या वेळी फक्त ब्राका-बिघाड असलेल्या बायका आणि कॅप्सूलऐवजी गोळी. त्यांचे निकाल यायला वर्षं लागणार होती. तेवढं न थांबता फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने स्टडी १९ च्या जोरावर एफडीएकडे अर्ज केला. मे २०१४ मध्ये फायझरने सुमारे ६९ अब्ज पौंडांची बोली लावून ॲस्ट्राझेनेका गिळायचा प्रयत्न केला. तेव्हा ‘आम्ही स्वतंत्र का राहावं’ हे भागधारकांना पटवताना ओलापॅरिबच्या संभाव्य विक्रीचा २ अब्ज डॉलरचा आकडा पुढे केला गेला. अडीच वर्षांपूर्वी बुडीत खात्यात टाकलेला रेणू कंपनीची ढाल झाला होता. हे असं अवघडलेलं असताना पुढची तारीख आली.

२५ जून २०१४

एफडीएच्या कॅन्सर औषधांच्या सल्लागार समितीसमोर जो प्रश्न ठेवला गेला त्याची मांडणी नीट वाचण्यासारखी आहे. ‘औषध चालतं का?’ असं विचारलंच नव्हतं. स्टडी १९ मधल्या जन्मजात ब्राका-बिघाड असलेल्या रुग्णांचे निकाल त्वरित मंजुरीला पुरेसे आहेत, की सोलो-२ चे निकाल येईपर्यंत थांबावं, असा तो प्रश्न होता. ११ जणांनी थांबा म्हटलं, दोघांनी देऊन टाका म्हटलं.

एफडीएच्या अधिकाऱ्यांची हरकत चार पदरी होती. एक, हा उपगट नंतर पाडलेला. रक्ताच्या चाचणीने निश्चित झालेल्या ९६ बायका, ५३ ओलापॅरिबवर आणि ४३ प्लासिबोवर. इतक्या लहान गटांत, ब्राकाकडे न बघता टाकलेल्या चिठ्ठ्यांमुळे दोन्ही बाजू आपोआप समतोल राहिल्या असतील याची खात्री कोण देणार? दोन, प्लासिबो गटात आजार इतक्या लवकर का परतला? फरक मोठा दिसतोय तो औषध चांगलं म्हणून, की प्लासिबो गट दुर्दैवी म्हणून? तीन, आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही.

चौथी हरकत मला सगळ्यात वजनदार वाटते. या बायका त्या घडीला उपचाराविना होत्या. केमो संपलेली, गाठ दबलेली, घरी परतलेल्या. यालाच डॉक्टर ‘मेंटेनन्स’ म्हणतात. अशा बाईला औषध द्यायचं म्हणजे तिच्या मोकळ्या दिवसांत मळमळ, थकवा आणि ॲनिमिया आणायचा. शिवाय काही रुग्णांत अस्थिमज्जेचा बिघाड आणि रक्ताचा कॅन्सर आढळला होता. प्रमाण शंभरात एक-दोन, पण झाला तर बहुधा जीवघेणा. आजार वाढलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा धोका पत्करता येतो. बरं वाटत असलेल्या रुग्णाला त्याच तराजूने तोलता येत नाही.

समितीचं मत बंधनकारक नसतं. तरी ११–२ हा आकडा बाजूला सारणं कोणत्याही नियामकाला जड जातं. त्या दिवशीच्या बातम्यांत ‘ओलापॅरिब फेटाळलं’ असा सूर होता. मला विचाराल तर समितीचं मत त्या प्रश्नाला दिलेलं बरोबर उत्तर होतं. नंतर निकाल कंपनीच्या बाजूने लागला म्हणून ते चुकीचं ठरत नाही. नाणं छाप पडेल असं कोणी म्हटलं आणि ते पडलं, तर म्हणणाऱ्याकडे पुरावा होता असं होत नाही.

बाजूचा दरवाजा

जुलैमध्ये कंपनीने अर्जात मोठी भर घातली आणि निर्णयाची मुदत तीन महिन्यांनी पुढे सरकली. भर होती दुसऱ्याच एका चाचणीची, ‘स्टडी ४२’ ची. यात प्लासिबो नव्हताच. जन्मजात ब्राका-बिघाड असलेल्या निरनिराळ्या कॅन्सरच्या २९८ रुग्णांना सरसकट ओलापॅरिब दिलं होतं. त्यातून अंडाशयाच्या कॅन्सरच्या, तीन किंवा जास्त केमो झालेल्या, मोजता येईल अशी गाठ असलेल्या १३७ बायका वेगळ्या काढल्या. ३४ टक्क्यांची गाठ ठरलेल्या निकषाइतकी आकसली, आणि तो परिणाम सरासरी ७.९ महिने टिकला.

१९ डिसेंबरची अमेरिकन मंजुरी या आधारावर मिळाली. तुलनेसाठी प्लासिबो गट असलेली चाचणी अपुरी ठरली आणि तुलनाच नसलेली चाचणी पुरली, हे वरवर पाहता विचित्र आहे. पण त्याला तर्क होता. तीनदा केमो झालेल्या रुग्णाची गाठ आपोआप लहान होत नाही. झाली तर श्रेय औषधाचंच. आणि अशा रुग्णापुढे फारसे पर्याय नसतात, त्यामुळे धोक्याचा तराजू वेगळा. अमेरिकेत १९९२ पासून असलेली त्वरित मंजुरीची वाट अशाच प्रसंगांसाठी आहे: आज अप्रत्यक्ष पुराव्यावर परवाना घ्या, उद्या पक्का पुरावा आणा, नाही आणला तर परवाना परत द्या. पक्क्या पुराव्यासाठी सोलो-२ आणि सोलो-३ या चाचण्या नेमून दिल्या गेल्या. त्याच दिवशी मिरियड कंपनीच्या ब्राका रक्ततपासणीलाही मंजुरी मिळाली, म्हणजे औषधाच्या दारावर तपासणीचा पहारा बसला.

युरोपने मात्र स्टडी १९ सरळ स्वीकारली. फरक इतका मोठा आहे की तो केवळ योगायोगाने येणं अवघड, आणि पुढची केमो लांबणं हाही रुग्णाच्या दृष्टीने लाभच, असा तिकडचा कल होता. पुढचे निकाल आणून द्यायच्या अटी होत्याच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये सरकारी खर्चाने औषध द्यायला संमती दिली, पण पंधरा महिन्यांनंतरही जिचा उपचार चालू राहील तिचा पुढचा खर्च कंपनीने सोसायचा अशी अट घालून. हा सौदा हुशारीचा होता, कारण औषध लागू पडलेल्या बायका ते वर्षानुवर्षं घेत राहतात. स्टडी १९ मध्ये ओलापॅरिबवर असलेल्या १३६ पैकी १५ जणींनी ते सहा वर्षांहून जास्त घेतलं.

सोलो-२ ते सोलो-३

सोलो-२ चा निकाल २०१७ मध्ये आला. २९५ बायका, सगळ्या ब्राका-बिघाड असलेल्या, चिठ्ठ्या रीतसर टाकलेल्या. आजार न वाढता गेलेला काळ १९.१ महिने विरुद्ध ५.५ महिने. ऑगस्टमध्ये एफडीएने मेंटेनन्सचा वापर मान्य केला, तोही ब्राकाची अट न घालता. सोबत गोळी आली: १५० च्या दोन, दिवसातून दोनदा. सोळाऐवजी चार. गोळीतले ३०० आणि कॅप्सूलमधले ४०० मिलिग्रॅम यांचा हिशेब वेगळा असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी देऊ नका, अशी सूचना लेबलवर छापावी लागली. त्याच उन्हाळ्यात मर्कने या रेणूच्या भागीदारीसाठी एकूण ८.५ अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. निरापॅरिब हातचं घालवणारी हीच ती मर्क.

२०१८ मध्ये सोलो-१ आली आणि चित्रच पालटलं. इथे आजार परतण्याची वाट पाहिली नव्हती. पहिल्याच केमोनंतर ३९१ बायकांना दोन वर्षं गोळी किंवा प्लासिबो. तीन वर्षांनी आजार न वाढता असलेल्या बायका ६० टक्के विरुद्ध २७ टक्के. डिसेंबर २०१८ मध्ये एफडीएने हाही वापर मान्य केला.

आता राहिली सोलो-३. अमेरिकेच्या पहिल्या मंजुरीची खरी परीक्षा हीच होती, कारण इथे ओलापॅरिबची तुलना प्लासिबोशी नव्हे तर केमोशी होती. २६६ बायका. गाठ आकसण्याचं प्रमाण ७२ टक्के विरुद्ध ५१ टक्के, म्हणजे ओलापॅरिब सरस. एवढ्यावर कोणीही मंजुरी पक्की झाली असं म्हणेल. पण जगण्याचा हिशेब पूर्ण झाला तेव्हा एकंदर गटात फरक दिसला नाही. आणि ज्यांना आधी तीन किंवा जास्त केमो झाल्या होत्या, म्हणजे नेमक्या २०१४ च्या मंजुरीतल्या बायका, त्यांच्यात ओलापॅरिबवरच्या २९.९ महिने जगल्या आणि केमोवरच्या ३९.४ महिने. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने तो वापर अमेरिकेतून मागे घेतला. रुकापॅरिब आणि निरापॅरिब यांचेही उशिराच्या टप्प्यातले वापर त्याच वर्षी गेले.

गाठ जास्त आकसली आणि तरी आयुष्य कमी, हे कसं? एक शक्यता अशी मांडली जाते की पार्प-इनहिबिटरच्या दबावाखाली वाचलेल्या पेशींत ब्राकाचा बिघाड पुन्हा दुरुस्त होतो, आणि मग ज्या प्लॅटिनमवर पुढची भिस्त असते तेही चालेनासं होतं. पटण्यासारखं आहे.

पण इथे एक गोष्ट नजरेआड करू नये. सोलो-३ मधला हा आकडाही उपगटाचाच आहे, लहान आहे आणि त्याची आकडेशास्त्रीय मर्यादा ‘काहीच फरक नाही’ या शक्यतेलाही पोटात घेते. २०१४ मध्ये समितीने ज्या जातीचा पुरावा मंजुरीला कमी म्हटला, त्याच जातीच्या पुराव्यावर २०२२ मध्ये परवाना गेला. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. औषध द्या म्हणायला लागणारा पुरावा आणि थांबवा म्हणायला लागणारा पुरावा एकाच उंचीचा असू नये. मात्र हे नियामकांनी उघड बोलायला हवं, कारण रुग्णांना दोन्ही वेळा सांगितलं जातं ते एकाच आवाजात, ‘विज्ञानाने ठरवलं’.

मेंटेनन्सची व्याप्तीही पुन्हा आत आली. परतलेल्या आजारातला सरसकट वापर २०२३ मध्ये अमेरिकेच्या लेबलवरून गेला आणि तिथे पुन्हा ब्राकाची अट आली. म्हणजे युरोपने २०१४ मध्ये लिहिलेल्या वाक्याच्या जवळ अमेरिका नऊ वर्षांनी पोहोचली.

आपल्याकडे

भारतात ओलापॅरिबच्या गोळ्या २०१८ मध्ये आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी ठरवून दिलं की अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ इथे मंजूर असलेल्या काही वर्गांतल्या नव्या औषधांना भारतात वेगळी चाचणी करण्यातून सूट मिळू शकते. लक्षणीय उपचारात्मक प्रगती असलेली औषधं हा त्यातला एक वर्ग. तत्त्वतः मला हे मान्य आहे. पण ओलापॅरिबची फाइल अशा टेबलावर २०१५ मध्ये आली असती तर ‘बाहेर मंजूर आहे’ याचा अर्थ कोणता लावायचा? ब्रसेल्सचं वाक्य की वॉशिंग्टनचं? आणि वॉशिंग्टनचं घेतलं असतं तर २०२२ मध्ये ते इथे खोडायचं काम कोणी केलं असतं? परदेशी मंजुरीवर विसंबायचं तर परदेशी माघारीवरही तितकंच बारीक लक्ष ठेवणारा माणूस त्या टेबलावर लागतो.

दुसरी गोष्ट तपासणीची. या औषधाचा फायदा कोणाला, हे ब्राकाच्या चाचणीवर ठरतं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर वर्षानुवर्षं काम चालू आहे, खासगी लॅबही ही तपासणी करतात. अंडाशयाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बाईने ही तपासणी उपचाराच्या सुरुवातीलाच मागावी. सोलो-१ चा फायदा पहिल्या केमोनंतरचा आहे, तिसऱ्या केमोनंतर रिपोर्ट हातात आला तर तो फायदा घेता येत नाही. आणि रिपोर्टमध्ये बिघाड निघाला तर बहिणी आणि मुलींचाही प्रश्न लगेच उभा राहतो. भावांचा आणि मुलांचाही, कारण बिघडलेली प्रत वडिलांकडूनही येते. हे घरात पुष्कळदा सांगितलंच जात नाही.

सोलो-१ चा सात वर्षांचा हिशेब २०२२ मध्ये आला. ओलापॅरिब घेतलेल्यांपैकी ६७ टक्के हयात, प्लासिबोवरच्यांपैकी ४६.५ टक्के. तेही प्लासिबो गटातल्या ४४ टक्के बायकांनी पुढे कधीतरी पार्प-इनहिबिटर घेतलेलं असताना. फरक योगायोगाने येण्याची शक्यता दहा हजारांत चार. पण या टप्प्यावर निष्कर्ष काढायचा तर ती दहा हजारांत एकाहून कमी असली पाहिजे, असं चाचणीच्या आराखड्यात लिहून ठेवलेलं होतं. त्यामुळे शोधनिबंधात हा फरक ‘आकडेशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ म्हणून नोंदवला गेला नाही, आणि अंतिम विश्लेषण त्यातल्या सुमारे ६० टक्के बायकांचा मृत्यू नोंदला जाईल तेव्हा करायचं ठरलं.